‘श्वास नीट घेतला नाही’

पिशवी साडीच्या दुकानाची होती आणि आत अडीच वर्षांचे कागद. ताई खुर्चीत बसल्या त्या ताठ, दोन्ही तळवे मांड्यांवर रोवून. वय ३६, इंदूरच्या रामबागेत सासर, प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवतात. ओळख पटू नये म्हणून बाकीचे दोन-चार तपशील मी बदलले आहेत. सोबत सासूबाई होत्या आणि सुरुवात त्यांनीच केली.

“डॉक्टर, हिला रात्रभर झोप येत नाही. खुर्चीत बसून रात्र काढते. सगळे म्हणतात टेन्शन आहे. झोपेची गोळी देऊन पाहिली, तरी तेच.”

“तुमचं काय म्हणणं, ताई?”

“झोप येते हो. आडवं होता येत नाही.”

हे ‘आडवं होता येत नाही’ पिशवीतल्या एकाही कागदावर नव्हतं. ‘निद्रानाश’ मात्र चार ठिकाणी होता.

ताईंना सहा वर्षांपासून ल्युपस आहे. संरक्षणासाठी असलेली प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते तो हा आजार. दहा रुग्णांत नऊ बायका, आणि त्याही बहुतेक ऐन उमेदीच्या वयातल्या. ताईंची सुरुवात पुस्तकात असते तशीच झाली होती. सकाळी बोटं आखडायची, उन्हात गेलं की गालांवर लाली यायची, कंगव्यात केसांचे पुंजके निघायचे. रक्तात एएनए पॉझिटिव्ह, डीएसडीएनए वाढलेलं (दोन्ही आपल्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं), सी-३ हे प्रथिन कमी. मूत्रपिंडं वाचली हे नशीब. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज २०० मिलिग्रॅम आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५ मिलिग्रॅम यांवर त्या चार वर्षं बऱ्या होत्या.

मग छातीत पाणी झालं. उजव्या बाजूला, श्वास घेताना सुरी खुपसावी तशी कळ आणि बारीक ताप. एका रुग्णालयात पाणी काढून तपासलं. प्रथिनं जास्त, साखर नॉर्मल, टीबीत वाढणारं एडीए हे विकर ४६. सीबीनाटमध्ये क्षयाचे जंतू सापडले नाहीत, पण एडीए ४० च्या वर आहे म्हणून टीबीची औषधं सुरू झाली, सहा महिन्यांचा कोर्स.

यावर नाक मुरडणं सोपं आहे, पण मी मुरडणार नाही. आपल्याकडे तरुण बाईच्या छातीत पाणी दिसलं की पहिला संशय टीबीवर जातो, आणि दहातल्या अनेक वेळा तो खराही ठरतो. शिवाय ल्युपसची औषधं घेणाऱ्याला टीबीचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो. अडचण एवढीच की ल्युपसमध्ये फुफ्फुसावरचं आवरण, म्हणजे प्लुरा, सुजणं ही फुफ्फुसाच्या बाजूची सगळ्यात नेहमीची तक्रार आहे. निम्म्याअधिक रुग्णांना कधी ना कधी छातीच्या आत काहीतरी होतंच. त्या पाण्यातही एडीए वाढू शकतं, आणि ते पाणी कधी कधी आपोआप ओसरतंही. मग श्रेय टीबीच्या गोळ्यांना मिळतं.

त्या सहा महिन्यांत ताईंचे सांधे पुन्हा धरले. घरच्यांना वाटलं, गोळ्या गरम पडल्या. कारण वेगळं होतं. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की प्रेडनिसोलोन शरीरातून भराभर निघून जातं. कागदावर ५ मिलिग्रॅम, पण अंगी लागायचं त्याहून बरंच कमी. आणि नेमक्या ज्या काळात प्लुराची सूज दाबून टाकायची, त्याच काळात ती मोकाट राहिली असणार. हे सिद्ध करता येणार नाही. माझा अंदाज तसा आहे.

पाणी गेलं. धाप राहिली, आणि महिन्यागणिक वाढत गेली.

शाळेतला जिना आधी एका दमात चढायच्या, मग मधल्या वळणावर थांबायला लागल्या. हे सगळेच रुग्ण सांगतात, त्यामुळे त्यातून फार कळत नाही. पुढे जे सांगितलं त्याने मी पेन खाली ठेवलं. पहिलीच्या पोरांच्या बुटाच्या नाड्या बांधायला वाकलं की गुदमरायला होतं. दिवाळीत रांगोळी काढता आली नाही, ठिपके देऊन उठून बसावं लागलं. आणि कार्तिकात घरचे सगळे ओंकारेश्वरला गेले असताना नर्मदेत छातीपर्यंत पाण्यात उतरल्या तर श्वासच येईना. नवऱ्याने धरून बाहेर काढलं. घाटावर सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला, पाण्याला भ्यायली.

“पोहता येतं तुम्हाला?”

“लहानपणापासून येतं. माहेर महेश्वरचं आहे माझं.”

नर्मदेकाठी वाढलेली बाई छातीभर पाण्याला भिणार नाही. वाकलं की, आडवं झालं की, पाण्यात उतरलं की, या तिन्ही वेळी एकच गोष्ट घडते. पोटातले अवयव वर ढकलले जातात आणि त्यांना खाली रेटायचं काम श्वासपटलावर पडतं. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटासारखा स्नायू. दर श्वासाला तो खाली सरकतो म्हणून फुफ्फुसात हवा येते. उभं असताना गुरुत्वाकर्षण त्याला मदत करतं, म्हणून थकलेलं श्वासपटलही वेळ मारून नेतं. आडवं झालं की उघडं पडतं.

छातीचे फोटो तीन होते. आठ-आठ, नऊ-नऊ महिन्यांच्या अंतराने, तीन वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले. तिन्ही अहवालांत शब्द थोडे इकडेतिकडे, अर्थ एकच. फुफ्फुसं स्वच्छ आहेत, रुग्णाने श्वास नीट घेतलेला नाही.

तीनही फोटो मी शेजारी शेजारी लावले आणि मागच्या बाजूच्या बरगड्या मोजल्या. हे काम कोणीही करू शकतं, त्याला डिग्री लागत नाही. माणसाने छाती भरून श्वास घेतला असेल तर श्वासपटलाच्या वर नऊ-दहा बरगड्या दिसतात. पहिल्या फोटोत साडेआठ. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात जेमतेम सात, आणि खाली दोन्ही बाजूंना पातळ आडव्या रेघा, हवा न पोचल्याने मिटलेल्या भागाच्या. एखाद्या बाईने एकदा श्वास कमी घेतला असं होऊ शकतं. तीन ठिकाणी, तीन वेळा, दर वेळी आधीपेक्षा थोडा कमी?

तिसरा फोटो माझ्याच चिठ्ठीवरून काढलेला होता. सात महिन्यांपूर्वी ताई माझ्याकडे येऊन गेल्या होत्या हे मला आठवतही नव्हतं. पिशवीतल्या त्या कागदावर माझं अक्षर होतं : ‘एक्स-रे नॉर्मल. ऑक्सिजन ९७. चिंता?’ ते प्रश्नचिन्ह मी स्वतःला सोडवून घ्यायला टाकलं असणार. पुढच्या डॉक्टरने ते गाळलं आणि चिंतेची गोळी सुरू केली. त्या दिवशी बाहेर पंचवीस पेशंट असतील, असतातच. मी त्यांना तपासणीच्या टेबलावर आडवं केलं नव्हतं, बसवूनच स्टेथोस्कोप लावला होता.

या वेळी आधी पाढा म्हणायला लावला. एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ही जुनी, फुकटची तपासणी आहे, आणि मास्तरीणबाईंना पाढ्यापेक्षा सोपं काय असणार! शाळेत त्या हिंदीत शिकवतात, पण पाढे त्यांना मराठीतच येतात, इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत असतं तसं. श्वास भरून घेतला आणि म्हणायला लागल्या. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे… आणि खांदे वर उचलून नवा श्वास. ‘दहा’ त्या दुसऱ्या श्वासात म्हणाल्या.

मग टेबलावर उताणं झोपवलं. अर्धा मिनिटही झोपवत नव्हतं. पण तेवढं पुरलं. तुमचं आमचं पोट श्वास घेताना वर येतं. ताईंचं आत जात होतं. मानेचे स्नायू दोरीसारखे ताणलेले, छाती वर, पोट आत. सासूबाई पाहत होत्या. त्यांना मी काही समजावलं नाही, त्या स्वतःच म्हणाल्या, “अगं बाई, हे उलटंच चाललंय.”

निदान डोक्यात आलं होतं, पण ल्युपसच्या रुग्णाला धाप लागते तेव्हा पहिल्या संशयावर स्वार होऊन चालत नाही. कारण या आजारात धापेची कारणं बरीच आहेत आणि काहींना हातात तासच असतात. सगळ्यात आधी जंतुसंसर्ग. फोटोत पांढरा डाग आणि ल्युपस दोन्ही असले तर तो डाग ल्युपसचा मानण्याआधी संसर्गाचा मानून शोधावा, कारण चुकून उलटं केलं आणि स्टिरॉइड वाढवलं तर माणूस हातचा जातो. ताईंना ताप नव्हता, कफ नव्हता, डाग नव्हता. फुफ्फुसात रक्तस्राव होणं हा सगळ्यात भयंकर प्रकार, आणि त्यात खोकल्यातून रक्त पडेलच असं नाही. हिमोग्लोबिन एकदम उतरतं ती खूण. ताईंचं ११.२ वर स्थिर होतं, आणि त्यांची धाप दोन दिवसांची नव्हती, दीड वर्षाची होती.

मग रक्ताची गुठळी. ल्युपसच्या बऱ्याच रुग्णांत रक्त गोठवणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असतात आणि पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकते, तीही फोटो स्वच्छ ठेवून. ‘फोटो स्वच्छ पण धाप’ या ओळीसमोर पहिलं नाव तिचंच लिहायला हवं. ही प्रतिपिंडं ताईंमध्ये नव्हती, तरी सीटी अँजिओ करून घेतली. रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. त्याच सीटीत फुफ्फुसाची जाळी घट्ट होणं, म्हणजे आयएलडी, दिसली नाही. इकोमध्ये हृदय उत्तम, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाबही वाढलेला नाही. आडवं झाल्यावर धाप म्हटलं की सगळे हृदयाकडे धावतात, तसं इको आधी दोनदा झालंच होतं, हे तिसरं. स्नायूंच्या आजारासाठी सीपीके, थायरॉइड, मायस्थेनियाची तपासणी, सगळं ठीक. अँटी-आरओ हे प्रतिपिंड मात्र पॉझिटिव्ह होतं, आणि पुढच्या निदानाशी त्याचं नातं अनेकदा दिसून आलं आहे.

राहिली फुंकायची परीक्षा. आमच्याकडे पीएफटी करणारा मुलगा गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस आहे. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि तो ओरडतो, “ज़ोर से, ज़ोर से, और, और, और, छोड़ना नहीं!” ताईंनी आठ वेळा फुंकलं. त्यातले तीन आकडे एकमेकांना अगदी चिकटून आले. जाणूनबुजून कमी फुंकणाऱ्याला हे साधत नाही, त्याचे आकडे दर वेळी भरकटतात. बसून १.३१ लिटर, अपेक्षेच्या ५२ टक्के. नळ्या अरुंद झालेल्या नव्हत्या, भांडंच लहान झालं होतं. वायू शोषण्याची क्षमता, डीएलसीओ, कमी दिसली, पण जेवढं फुफ्फुस उघडत होतं तेवढ्याच्या हिशेबाने ती नॉर्मल निघाली. म्हणजे फुफ्फुसाची भिंत शाबूत आहे, ते फुगवणारा भाता निकामी झालाय.

शेवटी त्या मुलाला म्हटलं, आता झोपवून फुंकायला लाव. त्याने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आडवं होऊन ०.९२ लिटर. जवळपास ३० टक्क्यांची घट. निरोगी माणसात ती दहाच्या आतबाहेर असते. श्वास आत ओढण्याचा दाब पाण्याच्या ३४ सेंटिमीटरइतका, ८० च्या वर असता तर मी गप्प बसलो असतो. सोनोग्राफीवाल्या मॅडमनी श्वासपटलावर प्रोब ठेवला, तर श्वास घेताना ते जाड व्हायला हवं ते जेमतेम होत होतं.

या अवस्थेला ‘श्रिंकिंग लंग’ म्हणतात, आकसणारी फुफ्फुसं. हॉफब्रँड आणि बेक यांनी १९६५ साली ल्युपसच्या रुग्णांत तिचं वर्णन केलं तेव्हा त्यांच्याही समोर कोडं हेच होतं. धाप आहे, फोटोत फुफ्फुसं लहान होत चाललीत, आणि फुफ्फुसात आजार दिसत नाही. ल्युपसच्या शंभर रुग्णांत जेमतेम एखाद्याला होत असेल. इतकं विरळ, की बरेच डॉक्टर निवृत्त होईपर्यंत एकही केस पाहत नाहीत. किंवा पाहतात आणि ‘चिंता?’ लिहितात.

श्वासपटल का हरतं यावर अजून वाद आहे. कोणी स्नायूच अशक्त होतो म्हणतं, कोणी त्याला चालवणाऱ्या फ्रेनिक मज्जातंतूकडे बोट दाखवतं. तिसरं म्हणणं मला ताईंच्या बाबतीत जास्त पटतं. प्लुरा सुजलेला असतो, खोल श्वास घेतला की कळ येते, म्हणून शरीर खोल श्वास घेणंच टाळायला लागतं. महिनोन्महिने अर्धेच श्वास घेतले की फुफ्फुस ताठरतं, उघडायला आणखी कष्ट पडतात, आणि स्नायू हळूहळू काम विसरतो. प्लास्टर काढल्यावर गुडघा वाकत नाही तसं. कळ नाहीशी झाली तरी सवय उरते. ताईंच्या बाबतीत कळही पूर्ण गेलेली नव्हती. “जांभई आली की उजवीकडे टोचतं,” हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं, एरवी त्याची दखल घेणं त्यांनीही सोडलं होतं.

उपचाराचा सगळा पुरावा छोट्या छोट्या गटांचा आणि एकेकट्या रुग्णांचा आहे, मोठी चाचणी या आजारात होणार तरी कशी. संधिवाततज्ज्ञ मित्राला फोन केला. ठरलं ते असं. ताईंचं वजन ४८ किलो, प्रेडनिसोलोन अर्धा मिलिग्रॅम प्रति किलो धरून २५ मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. सोबत प्रतिकारशक्ती आवरणारं अझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅमपासून चढवत १०० पर्यंत, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्तपेशी आणि यकृत तपासून. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अजिबात सोडायचं नाही, फक्त डोळ्यांचा पडदा दर वर्षी दाखवायचा. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. न्यूमोकोकस आणि फ्लूची लस. एक ताकीद फाइलवर लाल पेनने लिहिली, सल्फा औषधं नकोत. ल्युपसमध्ये त्यांनी आजार भडकू शकतो, आणि लघवीच्या साध्या जंतुसंसर्गावर ती कोणीही सहज लिहून देतं.

थिओफिलिन थोड्या मात्रेत देऊन पाहिलं, श्वासपटलाला बळ येतं म्हणतात. ताईंना धडधड व्हायला लागली, दहा दिवसांत बंद.

आणि व्यायाम. दाब सोसून श्वास आत ओढायचं छोटं यंत्र, सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं. या बाबतीत मला काही करावं लागलं नाही. सासूबाईंनी ते देवपूजेच्या वेळेला बांधून टाकलं. घंटी वाजली की सूनबाईंनी यंत्र हातात घ्यायचं.

टोचणं तिसऱ्या आठवड्यात थांबलं. तीन महिन्यांनी १.५२ लिटर, पाच महिन्यांनी १.५५. म्हणजे गाडी थांबली. ताई आता दोन उशांवर झोपत होत्या आणि खूश होत्या, मी तेवढा नव्हतो. स्टिरॉइड साडेसातच्या खाली नेलं की पुन्हा टोचायला लागायचं. मग रिटुक्सिमॅबची गोष्ट निघाली. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींचा बंदोबस्त करणारं हे औषध शिरेतून देतात, एक-एक ग्रॅमचे दोन डोस, पंधरा दिवसांच्या अंतराने. त्याआधी हिपॅटायटिस-बी तपासून घ्यावाच लागतो, दबलेला असला तर या औषधाने उसळतो. लसी आधीच टोचलेल्या होत्या हे बरं झालं, नंतर त्या नीट लागू पडत नाहीत. खर्चाचं गणित ताईंच्या नवऱ्याने आठवडाभर मांडलं. विम्याने भरती करून दिलेला डोस मान्य केला, नुसता टोचून घरी पाठवलेला नाही. मग तशी भरती.

वर्ष झालं तेव्हा बसून १.८६ लिटर, आडवं होऊन १.६२. घट तेरा टक्क्यांवर आली. श्वासाचा दाब ३४ वरून ५८. पूर्ववत नाही, आणि तसं होईल असं मी त्यांना सांगितलेलंही नाही. फुफ्फुसं या आजारात बहुधा आणखी आकसायची थांबतात आणि थोडी परत उघडतात, अगदी पहिल्यासारखी क्वचित होतात. प्रेडनिसोलोन ५ वर आहे. पाढा आता ‘बे नवे अठरा’पर्यंत एका श्वासात जातो, दाही वीसला खांदे उचलतात. नाड्या बांधायला त्या वाकत नाहीत, पोरालाच बाकावर उभं करतात. ही युक्ती त्यांनी उपचाराआधीच शोधली होती, ती आता सोडवत नाही म्हणतात.

गेल्या महिन्यात फोटोसाठी पाठवलं तेव्हाचं त्यांनीच सांगितलं. यंत्रावरचा मुलगा काचेआडून म्हणाला, “मैडम, साँस पूरी भरिए, आधी भर रही हैं आप.” ताई हनुवटी पाटीवर टेकवून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, “पूरी ही है भैया. मेरी इतनी ही है. वैसा लिख दीजिए.”

त्याने लिहिलं नाही, पण बटण दाबलं. मी बरगड्या मोजल्या. साडेआठ.